पॉम्पेईपासून भोकरदनपर्यंत: एका हस्तिदंती मूर्तीचा माग

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीचा फोटो आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. जेमतेम वीतभर उंचीची, पायावर पाय ओलांडून उभी असलेली स्त्री. गळ्यात भरगच्च हार, कमरेला मेखला, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत जड वाळे. दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली शहर गाडलं गेलं आणि ही मूर्तीही त्यात गाडली गेली. १९३८ साली आमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात ती बाहेर आली. फोटोखाली एवढंच छापलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हटलेलं असतं.

मला लिहायचं होतं ते मात्र आपल्याकडच्या हस्तिदंत-कामाबद्दल. मराठवाड्यातल्या तेर आणि भोकरदन इथे अगदी याच घाटणीच्या मूर्ती मिळाल्या आहेत हे मी कला-इतिहास शिकताना ऐकलं होतं. ऐकीव गोष्टीवर लेख उभा करायचा नव्हता. म्हणून ठरवलं की या तीन वस्तूंबद्दल जे जे कुणी पहिल्यांदा लिहिलं असेल तिथपर्यंत मागे जायचं, आणि जिथवर पोचता येईल तिथवरच लिहायचं. मी कोणत्याही विद्यापीठात नाही, नोकरी सांभाळून हा अभ्यास करते. त्यामुळे ज्या वाटा मला उघड्या होत्या त्या कुणालाही उघड्या आहेत, आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर सांगावंसं वाटतं.

सुरुवात नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयापासून केली. तिथे ही मूर्ती आहे, तिचा नोंदणी क्रमांक १४९४२५. हा आकडा हाती लागला आणि माझं पुढचं काम कितीतरी सोपं झालं. मूर्तीला इंग्रजीत एक नाव, इटालियनमध्ये दुसरं, फ्रेंचमध्ये तिसरं. कुणी तिला लक्ष्मी म्हणतं, कुणी यक्षी, कुणी नुसतीच ‘भारतीय मूर्ती’. क्रमांक मात्र सगळीकडे एकच. नावानं शोधलं की प्रवासवर्णनं आणि उसने घेतलेले उतारे समोर यायचे. क्रमांक टाकून शोधलं की संग्रहालयाच्या याद्या, प्रदर्शनांची सूचिपत्रं आणि संशोधकांच्या तळटीपा येऊ लागल्या. ज्यांनी क्रमांक दिलाय त्यांनी वस्तू किंवा निदान तिची नोंद पाहिलेली असते, असा एक ढोबळ निकष मी तेव्हापासून लावते आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

यानंतर तळटीपांचा माग. अलीकडचा एखादा चांगला लेख घ्यायचा, त्याच्या तळटीपांतून आधीच्या लेखाकडे जायचं, तिथून त्याच्या आधीच्या. जेस्टोर या संशोधन-लेखांच्या संकेतस्थळावर वैयक्तिक खातं उघडलं की दर महिन्याला ठरावीक लेख विनामूल्य वाचता येतात. ‘आर्तिबस एशिए’ या नियतकालिकाचे जुने अंक तिथे आहेत आणि मिरेला लेव्ही दांकोना यांचा या मूर्तीवरचा १९५० चा लेख मला तिथेच मिळाला. त्यातून मायुरींच्या मूळ लेखाचा पत्ता लागला: ‘ले आर्ती’ या इटालियन नियतकालिकाचा १९३८–३९ चा अंक. ती पानं एका विद्यार्थिनीनं तिच्या ग्रंथालयाकडून मागवून दिली. इटालियन मला येत नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, शंका आलेली वाक्यं शब्दकोशात पाहिली आणि जिथे अर्थ नीट लागला नाही तिथे त्या वाक्याचा आधार घेतलाच नाही.

हे मागे जाणं कशासाठी, तर नंतरच्या लेखनात गोष्टी कशा सरकत जातात ते दिसावं म्हणून. एक उदाहरण मूर्ती सापडली त्या घराचं. आज पॉम्पेईच्या नकाशावर ते ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणून दाखवलेलं आहे: पहिला विभाग, आठवा गट, पाचवं दार, ‘व्हिया देल्लाब्बोंदान्त्सा’ या मुख्य रस्त्याला लागून. पण कितीतरी लेखांत तिचं ठिकाण ‘चार शैलींचं घर’ असं दिलेलं आहे, जे त्याच गटातलं वेगळं घर. एकानं लिहिलं ते दुसऱ्यानं घेतलं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. पॉम्पेईत प्रत्येक दाराला विभाग, गट आणि दार अशा तीन आकड्यांचा पत्ता असतो. तो एकदा समजून घेतला की ही गल्लत चटकन लक्षात येते. घर कोणतं याला महत्त्व आहे, कारण मालक व्यापारी होता की हौशी श्रीमंत, अशा चर्चा घराच्या मांडणीवरून केल्या जातात. घरच चुकलं तर ती सारी चर्चा दुसऱ्याच माणसाची होते.

‘लक्ष्मी’ हे नाव मायुरींपासूनचं. पुढच्या अभ्यासकांपैकी बहुतेकांना ते पटलेलं नाही. लक्ष्मीची ठरलेली लक्षणं, म्हणजे कमळ किंवा अभिषेक करणारे हत्ती, इथे नाहीत. दोन्ही बाजूंच्या दासींच्या हाती शृंगाराची साधनं आहेत. त्यामुळे यक्षी किंवा शृंगार करणारी कुलीन स्त्री असा कौल जास्त मिळतो. मलाही तेच पटतं. डोक्यातून खाली जाणारं भोक पाहिलं की ही पुजेची मूर्ती नव्हती हे आणखी ठळक होतं: तिच्या माथ्यावर काहीतरी बसवलेलं होतं. आरशाची मूठ किंवा छोट्या तिवईचा, पेटीचा पाय, अशा दोन शक्यता अभ्यासकांनी मांडल्या आहेत. म्हणजे आपण जिला शिल्प म्हणून पाहतो ती मुळात घरातल्या वापराच्या वस्तूचा भाग होती. मला वाटतं, कलेचा इतिहास आणि वापराच्या वस्तूंचा इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवण्याची सवय इथे आपल्याला नडते. शिल्पांच्या पुस्तकांत या मूर्तीची शैली मिळते, पण भोकाचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला असतो. भोकाबद्दल नीट लिहिलेलं सापडलं ते प्राचीन फर्निचर आणि आरसे यांवर काम करणाऱ्यांकडे.

इथे गेटी संस्थेची कला व वास्तुकला शब्दसूची फार कामाला आली. ती कुणालाही पाहता येते. एखाद्या वस्तूला, साहित्याला किंवा तंत्राला जगभरच्या संग्रहालयांत कोणकोणते शब्द वापरले जातात, ते शब्द कोणत्या मोठ्या वर्गाखाली येतात, हे तिथे एकमेकांना जोडून दाखवलेलं असतं. मी ‘आरशाची मूठ’ आणि ‘फर्निचरचा पाय’ या वर्गांचे पर्यायी शब्द तिथून घेतले आणि ते घेऊन ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन म्युझियम यांच्या संग्रहांत शोध घेतला. मेट्रोपोलिटननं फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या संग्रहातल्या स्वामित्वहक्काबाहेरच्या वस्तूंची छायाचित्रं कुणीही कशीही वापरावीत म्हणून खुली केली. तुलनेसाठी शेजारी शेजारी लावायला असे फोटो मिळणं म्हणजे मोठाच आधार.

मग खरोष्ठी या प्राचीन लिपीचा प्रश्न. मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे, ते ‘शि’ असं वाचलं जातं आणि लिपी खरोष्ठी आहे. खरोष्ठी म्हटलं की गांधार, तक्षशिला, वायव्येकडचा प्रदेश डोळ्यांपुढे येतो; दख्खनमधले लेख ब्राह्मीत. त्यामुळे मूर्ती उत्तरेकडची, असा निष्कर्ष पुष्कळदा काढलेला दिसतो. गांधारी भाषेतल्या लेखांची आणि हस्तलिखितांची एक मोठी सूची ऑनलाइन आहे, स्टेफान बाउम्स आणि अँड्र्यू ग्लास यांनी उभी केलेली. खरोष्ठी कुठे, कशावर, कधी लिहिली गेली हे त्यात पाहता येतं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला नाण्यांत मिळालं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि नाशिक-जुन्नर पट्ट्यात सत्ता असलेल्या क्षहरात क्षत्रपांच्या नाण्यांवर खरोष्ठी आहे. भूमकाच्या नाण्यांवर ब्राह्मीच्या जोडीला खरोष्ठी. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तिन्ही लिपी. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा मिळाला, आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली आहे. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर अशी नाणी मोठी करून पाहता येतात. नहपानाच्या चेहऱ्यावर उमटलेलं सातवाहनांचं चैत्याचं चिन्ह पाहताना मी बराच वेळ थांबले. तर सांगायचं ते असं की खरोष्ठीचं एक अक्षर मूर्तीला दख्खनमधून हुसकून लावायला पुरेसं नाही. ते कारागिरानं जुळणीसाठी घातलेलं असू शकतं, किंवा माल बंदरापर्यंत नेणाऱ्या कुणीतरी. त्या काळच्या पश्चिम भारतात खरोष्ठी ओळखणारी माणसं होती.

हस्तिदंताचा अभ्यास बेग्रामशिवाय पुढे जातच नाही. काबूलच्या उत्तरेला असलेल्या या ठिकाणी जोसेफ आणि रिया हाकँ यांच्या फ्रेंच चमूला १९३७ आणि १९३९ मध्ये दोन बंद खोल्या मिळाल्या, दहा आणि तेरा क्रमांकाच्या. आत रोमन काच, चिनी लाखेची भांडी आणि भारतीय हस्तिदंताचे शेकडो कोरीव तुकडे, बहुतेक फर्निचरला जडवलेले. फ्रेंच नियतकालिकांसाठी ‘पेर्से’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि तिथे बेग्रामवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं वाचायला मिळतं. मूळ अहवाल १९३९ आणि १९५४ चे. पहिल्यातल्या कृष्णधवल छायाचित्रांत कमालीचा तपशील आहे, पण त्यांच्यावरच विसंबलं तर हस्तिदंत म्हणजे पांढरंशुभ्र काहीतरी अशी समजूत होते. अफगाणिस्तानातल्या यादवीत काबूलच्या संग्रहालयातून चोरीला गेलेल्या बेग्रामच्या काही तुकड्यांवर ब्रिटिश म्युझियमनं संवर्धनाचं काम केलं, २०११ मध्ये ते तिथे प्रदर्शित झाले आणि मग काबूलला परत गेले. त्या कामात प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि लाल-निळ्या रंगांचे अंश दिसून आले. म्हणजे हे काम मुळात रंगवलेलं होतं. हे वाचल्यावर मी पॉम्पेईच्या मूर्तीचे फोटो पुन्हा वेगळ्या नजरेनं पाहिले. तपासणीचे निकाल शैलीच्या चर्चेत क्वचितच मिसळतात. ते संवर्धकांच्या प्रकाशनांत असतात आणि कला-इतिहासाचे विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत. फिरकायला हवं.

बेग्रामच्या स्त्रिया आणि पॉम्पेईची स्त्री यांत साम्य आहे, दागिने आणि उभं राहण्याची ढब यांत. पण शरीराची घडण वेगळी. पॉम्पेईच्या मूर्तीचं आखूड, भरीव, काहीसं ठोसर अंग तिथे दिसत नाही. ते दिसतं तेरला आणि भोकरदनला.

आणि इथे आल्यावर वाट अवघड झाली. नेपल्स, काबूल, पॅरिस इथल्या वस्तू घरबसल्या पाहता येत होत्या. धाराशिव आणि जालना जिल्ह्यांतल्या वस्तूंसाठी मात्र कागदाच्या मागे लागावं लागलं.

तेरचं आधी. तेरणेच्या काठावरचं, गोरोबाकाकांचं तेर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात तगर म्हणून ज्या बाजारपेठेचा उल्लेख येतो ती कुठली, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ तर्क झाले. दौलताबाद, जुन्नर अशी नावं पुढे आली. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडलं, आणि पाठोपाठ हेन्री कझेन्स यांनी तिथे जाऊन पाहणी केली. तो वृत्तान्त भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२–०३ च्या वार्षिक अहवालात आहे. हे जुने अहवाल आता इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर सहज मिळतात. शोधताना गावाच्या नावाची जुनी इंग्रजी स्पेलिंगं हाताशी ठेवावी लागतात, नाहीतर समोर असलेलं पानही सापडत नाही. कझेन्स यांनी त्रिविक्रमाच्या मंदिराबद्दल, त्याच्या मागच्या अर्धगोल भिंतीवरून ते मुळात विटांचं चैत्यगृह असावं असं जे लिहिलंय ते वाचताना मला फार आनंद झाला; एक शहाणा माणूस भिंतीकडे बघून कसा विचार करतो ते त्यात दिसतं.

तेरच्या हस्तिदंती मूर्तीची ओळख मात्र रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाशी बांधलेली आहे. पावसानंतर पांढरीच्या टेकाडांवर उघड्या पडणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर वेचल्या, जपल्या; त्यातूनच गावात त्यांच्या नावाचं शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय उभं राहिलं. त्यांनी हे केलं नसतं तर तेरबद्दल आपल्याला आज फार थोडं कळलं असतं. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली ती या संग्रहामुळेच. मात्र वेचलेल्या वस्तूला थर नसतो. ती कोणत्या मातीत, कशाच्या शेजारी पडली होती हे कळत नाही, त्यामुळे तिचा काळ शैलीवरूनच ठरवावा लागतो. १९५८ मध्ये चापेकरांनी तेरला उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६९ मध्ये छापला गेला. त्यातून गावाचे थर कळतात आणि संग्रहातल्या वस्तूंना निदान एक पार्श्वभूमी मिळते.

भोकरदनचं तसं नाही. केळना नदीकाठच्या या गावात १९७३ मध्ये शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीनं खणलं आणि वर्षभरात अहवालही छापला. हा वेग आज वाचताना थक्क व्हायला होतं. कितीतरी उत्खननांचे अहवाल दशकानुदशकं निघत नाहीत. अहवालाची प्रत मिळवायला मला बरीच खटपट करावी लागली. एका ग्रंथालयाच्या सूचीत ती होती, कपाटात नव्हती. दुसरीकडे होती, पण बाहेरच्यांना शिफारसपत्र हवं होतं. ते आणलं आणि मग निवांत बसून वाचता आलं.

उत्खननाचा अहवाल पहिल्या पानापासून वाचायचा नसतो, असं माझं मत झालं आहे. मी शेवटापासून सुरू करते. आधी छायाचित्रांच्या प्लेट, मग वस्तूंची यादी. यादीत प्रत्येक वस्तूपुढे खड्डा, थर आणि खोली दिलेली असते. ती टिपून घ्यायची. त्यानंतर खड्ड्याच्या उभ्या छेदाचं रेखाचित्र उघडायचं आणि तो थर बोटानं शोधायचा: त्याच्या वर काय, खाली काय, कुठे उंदरा-घुशींनी किंवा नंतरच्या खड्ड्यानं थर फोडलाय का. त्या थरात कोणती नाणी, कोणती खापरं मिळाली ते पाहायचं. एवढं झाल्यावरच लेखकांचा कालनिर्णय वाचायचा, म्हणजे तो कशावर उभा आहे ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. भोकरदनच्या हस्तिदंती मूर्तीचा वरचा भाग तुटलेला आहे. उरलेल्या भागात मुख्य स्त्रीचे पाय आणि दोन बाजूंना दोन दासी. दासींची उंची, त्यांची जागा, मुख्य स्त्रीच्या पायांतले जड वाळे: पॉम्पेईचा फोटो शेजारी ठेवला की साम्याबद्दल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पॉम्पेईची मूर्ती मथुरेची असावी असं आधी मानलं जाई; म. के. ढवळीकर यांनी भोकरदनकडे बोट दाखवलं ते याच साम्यावरून.

एक शंका मात्र मनात ठेवलीच पाहिजे: हस्तिदंत की हाड? सातवाहनकालीन वसाहतींत हाडाच्या वस्तू भरपूर मिळतात, आणि कोरून घासून गुळगुळीत केल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते, तिला श्रेगर रेषा म्हणतात. हाडात त्याऐवजी रक्तवाहिन्यांची बारीक छिद्रं ठिपक्यांसारखी दिसतात. मूर्तीच्या तळाचा किंवा तुटलेल्या जागेचा चांगला फोटो असेल तर हे पाहता येतं. पण संग्रहालयं फोटो काढतात ते समोरून. ज्यांच्या हाती कॅमेरा आणि परवानगी दोन्ही आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तळाचा आणि तुटक्या कडेचा एकेक फोटो जरूर काढा.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन, आणि ते नाव आपल्याला भेटतं सांची आणि भारहूतच्या दानलेखांत. सांचीच्या लेखांचे ठसे आणि वाचनं मार्शल आणि फूशे यांच्या १९४० च्या तीन खंडांत आहेत, तेही आता ऑनलाइन पाहता येतात. दानलेख वाचत गेलं की भोगवर्धनहून आलेले दाते तिथे दिसतात. आणि त्याच पहिल्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर तो प्रसिद्ध लेख आहे, विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याचा: ‘वेदिसकेहि दंतकारेहि रूपकंमं कतं’. हे दोन्ही लेख मी आधीही वेगवेगळ्या संदर्भांत वाचले होते. आता एकाच बैठकीत, एकाच खंडात ते समोर आले तेव्हा विषयाचा नकाशा बदलला. विदिशेचे दंतकार दगडावर काम करत होते आणि भोगवर्धनचे लोक त्याच स्तूपाला दान देत होते. यावरून भोकरदनला दंतकार होते असं सिद्ध होत नाही, पण दख्खनमधली कारागिरी आणि माळव्यातली कारागिरी एकमेकींना ओळखत होत्या असं म्हणायला जागा होते. शैलीच्या साम्याला मग हवेत तरंगत राहावं लागत नाही.

व्यापाराच्या बाजूनं ‘पेरिप्लस’ पुन्हा उघडला. स्कॉफ यांचं १९१२ चं इंग्रजी भाषांतर विनामूल्य मिळतं. पण त्याहून विलक्षण गोष्ट अशी की ज्या हस्तलिखितावर हा सारा ग्रंथ टिकून आहे, सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचं ते ग्रीक हस्तलिखित, हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयानं पानापानानं ऑनलाइन ठेवलं आहे. ग्रीक न येताही, भाषांतरावर बोट ठेवून पैठण आणि तगर ही नावं त्या पानावर शोधता येतात. मी ती शोधली. ग्रंथात भरुच बंदरातून निघणाऱ्या मालात हस्तिदंत आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड, मलमल गाड्यांनी भरुचला जातं असं एक्कावन्नाव्या परिच्छेदात आहे. नीट पाहा, तगरच्या मालात हस्तिदंताचं नाव नाही. कितीतरी लेखांत मात्र ‘पेरिप्लसनुसार तेरहून हस्तिदंत जाई’ असं बेधडक लिहिलेलं आढळतं. मूळ परिच्छेद पाच मिनिटांत वाचून होतो.

व्हिएन्नात असलेल्या मुझिरिस पपायरसचाही याच ओघात उपयोग झाला; मुझिरिस हे केरळच्या किनाऱ्यावरचं प्राचीन बंदर. दुसऱ्या शतकाच्या मध्यावरचा हा करार आणि मालाची किंमत मांडणारी यादी. हर्मापोलॉन नावाच्या जहाजावरच्या मालात हस्तिदंत आहे, आणि ते अख्ख्या सुळ्यांच्या व तुकड्यांच्या रूपात. म्हणजे रोमला जाणारं बहुतेक हस्तिदंत कच्चा माल म्हणून जात होतं, तिथले कारागीर ते कोरत. आपल्या कारागिरांनी कोरून पूर्ण केलेली वस्तू तिकडे सापडणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि पॉम्पेईच्या मूर्तीचं मोल त्यामुळे माझ्या लेखी आणखी वाढलं.

टिपणं ठेवायला मी झोटेरो वापरते, ते विनामूल्य आहे. पण साधन कोणतंही असो, मला उपयोगी पडली ती एक साधी शिस्त. प्रत्येक टिपणापुढे तीनपैकी एक खूण: लेखकानं वस्तू स्वतः पाहिली, लेखकानं दुसऱ्याचं वाचून लिहिलं, की हा लेखकाचा तर्क आहे. लेख लिहायला बसले तेव्हा मधल्या खुणेची टिपणं सरळ बाजूला ठेवता आली. मराठी विश्वकोशातल्या तेर आणि भोकरदनच्या नोंदी मी अगदी सुरुवातीला वाचल्या होत्या आणि शेवटी पुन्हा वाचल्या. संज्ञा मराठीत कशा लिहाव्यात यासाठी त्यांच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही.

छायाचित्रांसाठी परवानग्या लागतात. नेपल्सच्या मूर्तीचं चित्र छापायचं तर इटलीतल्या सरकारी संग्रहांचे नियम पाळावे लागतात, अहवालातली प्लेट छापायची तर प्रकाशक विद्यापीठाला विचारावं लागतं. ही पत्रं आधीच पाठवावीत आणि पत्रात नोंदणी क्रमांक किंवा प्लेट क्रमांक हमखास द्यावा.

लेखात तिन्ही मूर्तींचा एक तक्ता दिला आहे: सापडल्याचं ठिकाण, थर, माप, डोक्यातलं भोक, दासी, पहिली नोंद कुणाची. संपादकांनी सुचवलं होतं की पॉम्पेईचा रकाना पहिला ठेवा, ती मूर्ती अखंड आहे आणि वाचकाला ओळखीची आहे. मी भोकरदनचा रकाना पहिला ठेवला आणि कारणही तिथेच लिहिलं: तिघींपैकी हीच एक अशी की जी आपल्या मुलखातल्या मातीत, नोंदलेल्या थरातून, पुराव्यासकट बाहेर आली. पॉम्पेईची मूर्ती आपल्याला इ.स. ७९ ही शेवटची मर्यादा देते आणि तेरची मूर्ती घाटणी दाखवते. घर कुठलं हे विचारायचं झालं तर पहिल्यांदा त्या तुटक्या तुकड्याकडे जावं लागतं.